माया आणि वळण
(वर्षावास प्रवचनमालेतील भाषण)



बोलणारे एकटे असलो तरी आज सांगणे आम्हा नवराबायको दोघांचे आहे. आमचा मुलगा २२ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात ते त्याला आहे. तीन वर्षांचा झाला तरी तो नजरेला नजर देईना. हाक मारली तर वळेना, फिरत्या पंख्याकडे मात्र तासन् तास पाहत बसे. कोणी म्हणाले उशिरा बोलेल, कोणी म्हणाले बाहेरचे आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आमच्या घरात त्या वर्षी ताईतही आला, हे लपवत नाही.

आईबापाला पहिला प्रश्न पडतो तो, आमचे काय चुकले? १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंड स्वभावामुळे मूल असे होते, असे मोठमोठे लोक सांगत. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये हे खोडून काढले. तरीही १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तोच आरोप पुन्हा घरोघर नेला. तो खोटा होता. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आईचा त्यात दोष नाही.

पण स्वमग्नता आमच्यामुळे आली नाही, म्हणून तो आज जसा जगतो त्यातून आम्ही सुटत नाही.

तो ओरडला की हवी ती वस्तू त्याच्या हातात. शेजाऱ्याची वस्तू फोडली की आम्ही गुपचूप पैसे भरायचे. लग्नकार्य, दीक्षाभूमी, सारे टाळायचे. एकविसाव्या वर्षीही आईनेच भरवायचे, आईनेच आंघोळ घालायची. मायेपोटी केले असे आम्ही म्हणत आलो. खरे म्हणजे निम्मे लाजेपोटी आणि निम्मे थकव्यापोटी केले. मागल्या वर्षी त्याने आईला ढकलले. तिचे मनगट मोडले. लोकांना आम्ही ओट्यावरून पाय घसरला असे सांगितले. त्याला शब्द नव्हते, आणि ढकलले की मिळते हे त्याला आम्हीच शिकवले होते.

हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः ताटात हात घातला. इतकी वर्षे तो आपल्या हाताने जेवू शकतो की नाही, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते!

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापाची पाच कर्तव्ये सांगितली. वाईटापासून आवरणे हे त्यात पहिले, हुन्नर शिकवणे हे तिसरे. भरवणे त्यात नाही. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला घालवले नाही आणि नुसते बसवूनही ठेवले नाही. एक स्वच्छ फडके देऊन हाताने चोळत राहायला सांगितले, म्हणजे त्याला जमेल असे काम दिले.

आवरणे म्हणजे काठी नव्हे. गोंगाटाने त्याला खरोखर त्रास होतो, तो हट्ट नसतो. आता भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रे लावली आहेत. काही बदलणार असेल तर आधी चित्र दाखवतो. 'नको' म्हणायलाही एक चित्र आहे. आंघोळ शिकवायला चार महिने लागले. साबण अजून राहतो.

बँकेत रोज कागद हाताळणाऱ्या आम्हालाही एक गोष्ट उशिरा कळली. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. त्यावर मुलाचे बँकखाते चालवता येते. स्वमग्नता १९९५ च्या अपंग कायद्यात नव्हती, २०१६ च्या कायद्यात ती आली. त्यामुळे दाखलाही मिळतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी बुलढाण्याला जाऊन अर्ज करावा. कागद आम्ही भरून देऊ, संकोच करू नये.

आमच्यामागे त्याचे कोण, याचे उत्तर आमच्याकडे अजून नाही.

आज तो मागे दाराशी बसला आहे. वंदनेनंतर सतरंज्यांच्या घड्या तो करील. कोणी मदतीला धावू नये, वेळ लागला तरी चालेल. आणि पुढच्या गीताच्या वेळी कर्ण्याचा आवाज थोडा कमी ठेवावा, ही मंडळाला विनंती. जयभीम!