वाघनखं पलटणीचे कर्नल महाडिक



पहाटे सडा टाकायला बाहेर आलं, की आमच्या पारनेरच्या रस्त्याला भरतीची पोरं पळताना दिसतात. त्यांत आता माझा भाचाही आहे. परवा म्हणाला, "मावशी, मला पॅरात जायचंय." बहीण भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "पॅरा म्हणजे जास्त धोक्याचं का गं?" एवढंच तिने विचारलं. मला नीट सांगता येईना. मग शोधून वाचलं, तेच आज सांगते.

आपल्या नगरला रणगाडे ठाऊक, छत्रीवाले सैनिक तेवढे नाहीत. पॅरात कुणाला ढकलत नाहीत, आपणहून नाव द्यावं लागतं. मग काही महिने कसोटी, आणि तीत पुष्कळ जण परत जातात. टिकले की आग्र्याला उड्यांचं शिक्षण. पाच उड्या पुऱ्या केल्या, त्यातली एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात आणि डोक्यावर मरून टोपी येते. १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबरला आपल्या मराठ्यांच्या २ पॅरा पलटणीने टांगाइलजवळ उड्या घेऊन पुंगलीचा पूल धरला होता. सोळा तारखेला ढाक्यात शिरणाऱ्यांत तीच पलटण पुढे होती.

अशीच दुसरी मराठ्यांची पलटण २१ पॅरा. आधी ती २१ मराठा लाइट इन्फंट्री होती, १९९६ मध्ये स्पेशल फोर्सेस झाली. तिची ओळख 'वाघनखं'. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे संतोष महाडिक १९९८ मध्ये अधिकारी होऊन याच पलटणीत गेले. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक शाळेत, पुढे खडकवासल्याची प्रबोधिनी. ईशान्येकडच्या 'ऑपरेशन ऱ्हायनो'तल्या शौर्यासाठी २००३ मध्ये त्यांना सेना पदक मिळालं.

पुढे काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते प्रमुख झाले. ही तुकडीही मराठ्यांचीच. नोव्हेंबर २०१५ मध्ये मनिगाहच्या जंगलात अतिरेक्यांचा शोध चालला होता. दाट झाडी, थंडी, आणि समोरचा माणूस दिसत नाही. कर्नल म्हणजे तुकडीचा मोठा अधिकारी, पण ते जवानांच्या पुढेच होते. १७ नोव्हेंबरला गोळीबारात ते गेले. वय ३८. पुढच्या प्रजासत्ताक दिनी मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं. युद्ध पुकारलेलं नव्हतं, म्हणून कुणी याला युद्ध म्हणत नाही. दारात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते तिला हा फरक कोण सांगणार?

आता स्वातीताईंचं. त्या शिक्षिका होत्या, पदरात मुलगी आणि लहानगा मुलगा. नवऱ्यामागे त्यांनी ठरवलं, आपण सैन्यात जायचं. वीरपत्नींना तिथे वाट आहे, पण वयाची अट पस्तिशीची आणि त्यांनी ती ओलांडलेली. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या शब्दावर वयात सवलत मिळाली. परीक्षेत मात्र सवलत नाही हं! निवड मंडळासमोर उभं राहायचं, आणि मग चेन्नईच्या अकादमीत जवळपास वर्षभर विशी-बाविशीतल्या पोरींबरोबर पळायचं, चढायचं, ओझी वाहायची. मुलं तेवढे दिवस वसतिगृहात. ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या.

नवरा गेलेल्या बाईने काय ल्यायचं, काय नाही, हे आपल्याकडे अजून भावकी ठरवते. कोल्हापूरच्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला तो २०२२ मध्ये. त्याआधी पाच वर्षं स्वातीताईंनी अंगावर वर्दी घातलेली होती.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. धोका नाही असं सांगितलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या बाईला तरी शिक्षण होतं." तिचंही खरं आहे. म्हणून भाच्याच्या अर्जाआधी आम्ही दोघींनी त्याच्या धाकट्या बहिणीला कॉलेजात घालायचं पक्कं केलंय. बारावीनंतर तिचं लग्न करायचं चाललं होतं.

कुणाच्या घरी वीरपत्नी असेल, पदवी झालेली असेल आणि वय बसत असेल, तर नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या वाटेची चौकशी करा. सोबत हवी असेल तर मी येते.