लेकरांना कळवळा कसा शिकवावा?

(शताब्दी सोहळ्यात पालकांपुढे केलेले भाषण)



मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आज माझी एक चूक सांगायला उभा आहे.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी रोज डुलक्या घ्यायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर उभं करून बोललो. पोरं हसली. तेवढ्यात शेजारची पोरगी उठली, "गुर्जी, तिनी माय बिमार शे. ती पानी भरीसन, भाकरी करीसन शाळामा येस." जे मला दिसलं नाही, ते आठ वर्षांच्या लेकराला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली. त्यानंतर पोरंच तिला पाणी भरू लागायला जाऊ लागली.

आपल्या खान्देशात याचा थोर दाखला आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालय त्यांच्याकडे आलं. मुलांनी खोली आवरली नाही, तर गुरुजी रागवत नसत. स्वतः झाडू घेत, अंथरुणं आवरत, कंदिलाच्या काचा पुसत. ते पाहून मुलं शरमायची आणि आपणच कामाला लागायची.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्यात आई श्यामला एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते. ती म्हातारी महार समाजाची. तिला शिवायचं नाही असा तो काळ. अशा आईचा हा लेक मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसला, विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावं म्हणून. आणि ते दार उघडलं. लहानपणचा संस्कार कुठवर पोचला बघा!

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, वय-जात विचारत नाही. लेकरू ते पाहतं. पण घरी आल्यावर शेतातल्या मजुराला वेगळ्या कपात चहा दिला, तर लेकरू तेही पाहतं. मग शाळेत आम्ही कितीही शिकवलं तरी काय उपयोग?

म्हणून एवढंच मागतो. रोज हरिपाठ झाला की लेकराला जवळ घ्या. आज आपण कोणाच्या उपयोगी पडलो, ते आधी आपण सांगा. मग विचारा, "बाळा, आज वर्गात कोण उदास होतं? तू काय केलंस?" पहिले चार दिवस ते काही बोलणार नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या पोराकडे नीट बघून घरी येईल.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!