तेलाचे नाव, तेलाचे माप



सोनोग्राफीच्या अहवालात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असे आले, की आपण आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर रुग्णाच्या हाती जे पथ्याचे पत्रक देतो त्याची पहिली ओळ बहुधा ठरलेली असते : तेल-तूप बंद. यकृतात चरबी साठली, तेव्हा ताटातली चरबी काढा, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो कोणी तपासायला जात नाही. आज अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मला या एका ओळीसाठी हवा आहे. ती अर्धवट आहे, आणि अर्धवट पथ्य पाळणारा रुग्ण सहा महिन्यांनी तोच अहवाल घेऊन परत येतो.

यकृतातली चरबी येते कुठून? अमेरिकेतल्या डॉनेली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली हा माग काढला. अन्नातल्या आणि रक्तातल्या घटकांना ओळखता येतील अशा खुणा लावून त्यांनी रुग्णांच्या यकृतातली चरबी तपासली. सुमारे 59 टक्के चरबी शरीरातल्या मेदसाठ्यातून सुटलेल्या मेदाम्लांपासून आलेली होती, 26 टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः पिष्टमय पदार्थ आणि साखर यांपासून, तयार केलेली होती आणि ताटातून थेट आलेली होती ती 15 टक्के. रुग्ण अवघे नऊ होते, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. मेदसाठाही शेवटी खाण्यातूनच जमतो, हेही खरे. पण इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की साठ्यातून मेदाम्ले अखंड झिरपत राहतात, आणि यकृतात नवी चरबी घडण्याचा वेगही वाढतो. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांना सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून मिळतात. अशा ताटातून तेल काढले आणि भुकेपोटी एक चपाती, वाटीभर भात किंवा उपासाच्या दिवशी साबुदाणा वाढला, तर एक वाट बंद करून दुसरी रुंद केल्यासारखे होते.

म्हणजे तेल निर्दोष ठरले का? नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. स्वीडनमध्ये उप्साला येथे 39 सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोजच्या जेवणाबरोबर जादा मफिन खायला दिले. एका गटाचे मफिन पाम तेलातले, दुसऱ्याचे सूर्यफूल तेलातले. 2014 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा : दोन्ही गटांचे वजन सारखेच, सरासरी 1.6 किलोने वाढले, पण पाम तेलाच्या गटात यकृतातली आणि पोटातली चरबी लक्षणीय जास्त वाढली. फिनलंडमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जादा वजनाच्या 38 जणांना तीन आठवडे रोज 1000 जादा कॅलरी दिल्या. त्या संपृक्त मेदातून आल्या तेव्हा यकृतातली चरबी 55 टक्क्यांनी वाढली, साखरेतून आल्या तेव्हा 33 टक्क्यांनी आणि असंपृक्त मेदातून आल्या तेव्हा 15 टक्क्यांनी. संपृक्त मेदाने साठ्यातून मेदाम्ले सुटण्याचे प्रमाण वाढले, रक्तात सेरामाइड ही मेदद्रव्ये वाढली आणि इन्शुलिनची परिणामकारकता घटली. कॅलरी तेवढ्याच, यकृतावरचा परिणाम मात्र तिप्पटचौपट वेगळा.

हे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. शेंगदाणा आणि करडई ही महाराष्ट्राची जुनी तेले. दोन्हींत असंपृक्त मेद बहुसंख्य, करडईत तर संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आसपासच. पाम तेलात संपृक्त मेद जवळपास निम्मे. पण ते घरच्या डब्यात दिसत नाही. ते बिस्किटांत असते, खारीत, फरसाणात, हॉटेलच्या कढईत असते. 'घरी महिन्याला तेल किती लागते?' या आपल्या प्रश्नात ते सापडतच नाही. घरची फोडणी निम्मी करून संध्याकाळच्या चहाबरोबर खारी खाणारा रुग्ण आपल्या पत्रकानुसार पथ्यावरच असतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. मग कोणतेही तेल कमी करणे चांगलेच नाही का? फिनलंडमध्येच 2005 साली दहा स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात, कॅलरी सारख्या ठेवूनही, 16 टक्के मेदाच्या आहाराने यकृतातली चरबी दोन आठवड्यांत 20 टक्क्यांनी घटली आणि 56 टक्के मेदाच्या आहाराने 35 टक्क्यांनी वाढली. मात्र त्या 56 टक्क्यांत संपृक्त मेदच भरपूर होते. मापाचे महत्त्व मी नाकारत नाही. वजन सात ते दहा टक्के उतरवणे हा आजही या आजाराचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. नावाशिवाय माप अपुरे, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे : पिढ्यान्‌पिढ्या तूप खाल्ले, कोकणात खोबरेल खाल्ले, तेव्हा कुठे होते हे आजार? त्या पिढ्यांचे कष्ट आणि त्यांचे ताट सोडून फक्त त्यांचे तूप उचलता येत नाही. शिवाय आपल्या देहाची ठेवणही विचारात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशेजारी उभे राहिलेले आपले छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय तोच, 22. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या 2010 सालच्या अभ्यासातही यकृतात चरबी साठलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय 25 च्या खाली होता. 'तू बारीक आहेस, तुला काय होतंय' हा दिलासा म्हणूनच आपण देऊ नये.

केंद्र सरकारने 2021 साली हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. म्हणजे ही पत्रके आता प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत जातील. ती छापण्याआधी आपण ती बदलू. पहिल्या ओळीत तेलाचे नाव आणि महिन्याचे माणशी माप लिहू. दुसऱ्या ओळीत पाकिटामागचे 'पाम तेल' हे शब्द शोधायला सांगू, आणि तिसऱ्या ओळीत तेलाच्या जागी ताटात काय येणार ते लिहू : उसळ, भाजी, मूठभर शेंगदाणे, आणखी एक चपाती नाही.