दुसरी पोथी

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला शिकवले : एकाच पोथीवरून पाठ ठरवू नये. विमानोड्डाणातही हाच विवेक हवा.

२००९ साली अ‍ॅमस्टरडॅमजवळ एका तुर्की विमानाचा डावा रेडिओ उंचीमापक सुमारे १,९५० फुटांवर ‘उणे ८’ दाखवू लागला. उजवा अचूक होता. पण स्वयंचलित यंत्रणेने डाव्याचेच ऐकून इंजिनांचा जोर उतरवला. वैमानिकांच्या ते वेळीच ध्यानी आले नाही. ९ जण दगावले.

२०२५ मध्ये दिल्लीत विमानांना खोटे उपग्रहसंकेत मिळाले. जमिनीवरील जुनी रेडिओ साधने असलेल्या धावपट्ट्यांवरील वाहतूक मात्र सुरळीत राहिली. आपल्या हैदराबादेतूनही अशा बाधेच्या नोंदी आल्याचे सरकारने संसदेत सांगितले.

यंत्र आज्ञाधारक असते. त्याला शंका येत नाही. ती शंका आणि दुसरी पोथी, दोन्ही माणसाने जपाव्यात.