चुकलेला ठोका
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



'सध्या तू काय करतेस ते दहा मिनिटांत सांग,' असं संयोजकांनी मला बजावलं आहे. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रांसाठी मी प्रोग्रॅम लिहिते. त्यात गणित येतं, हे ऐकून मागच्या बाकावरचे आत्ताच दाराकडे बघायला लागलेत. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पुढे मी जाणार नाही.

श्रुतलेखनाचा तास आठवा. बाई ठरावीक गतीने वाक्यं सांगायच्या. पहिलं वाक्य आपण वेळेत लिहायचो. दुसऱ्याला जरा मागे पडायचो, तिसऱ्याला आणखी जरा. मग एक अख्खं वाक्य सुटायचं, तेवढ्यात हाताला विसावा मिळायचा आणि पुढचं वाक्य पुन्हा वेळेवर सुरू व्हायचं.

काही हृदयांत अगदी हेच घडतं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो दर ठोक्याचा इशारा देतो. खालच्या कप्प्यांकडे जाताना हा इशारा मध्ये एका नाक्यावर क्षणभर थांबतो, म्हणजे वरचं रक्त खाली उतरायला वेळ मिळतो. हा नाका थकलेला असेल, तर प्रत्येक इशाऱ्याला थोडा जास्त वेळ लागत जातो आणि शेवटी एक इशारा पुढे जातच नाही. कारेल फ्रेडरिक वेन्केबाख या डच डॉक्टरांनी हे १८९९ साली ओळखलं. तेव्हा ईसीजीचं यंत्र नव्हतं. त्यांच्यापुढे होता तो फक्त नाडीचा आलेख. त्यातली अंतरं मोजून, वजाबाक्या करून त्यांनी आत काय चाललं असेल ते ताडलं.

आपणही करून बघू. समजा, इशारा दर ०.८ सेकंदाला निघतो. नाक्यावरचा उशीर आधी ०.१८, मग ०.२६, ०.३०, ०.३२ सेकंद, आणि पाचवा इशारा गळतो. मग मनगटावर लागणाऱ्या ठोक्यांमधली अंतरं येतात ०.८८, ०.८४, ०.८२ आणि मग एकदम १.४६. गंमत बघा, उशीर वाढतोय, पण नाडी मात्र किंचित घाईला आल्यासारखी वाटते आणि मग चुकते. कारण उशीर वाढतो खरा, पण दर वेळी आधीपेक्षा कमी वाढतो.

१९२८ मध्ये फान डेर पोल आणि फान डेर मार्क या दोघांनी तर निऑनच्या दिव्यांचं हृदयच बनवलं. थेंब थेंब भरत जाणारं आणि काठोकाठ भरलं की एकदम कलंडणारं भांडं डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या विजेच्या मंडलात वीज तशी साठायची आणि दिवा लागून रिकामी व्हायची. अशी तीन मंडलं त्यांनी एकमेकांना जोडली: एक इशाऱ्याचं, एक वरच्या कप्प्यांचं, एक खालच्या. मधली जोडणी सैल केली, की खालचा ठोका गळायला लागायचा. चुकणं त्यांनी वेगळं घातलं नव्हतं, ते त्या रचनेतूनच आलं. मला हा प्रयोग फार आवडतो.

आता माझी फजिती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक प्रोग्रॅम लिहिला. रुग्ण हलला, तार सैल झाली, तर यंत्राला भलतीच अंतरं दिसतात. म्हणून मी नियम घातला, की सरासरीपासून फार लांबचं अंतर म्हणजे कचरा, टाकून द्या. आकडे कसे सुंदर स्थिर दिसायला लागले! मघाचंच उदाहरण घ्या. चार ठोके चार सेकंदांत, म्हणजे खरी गती मिनिटाला ६०. माझ्या नियमाने १.४६ उडवलं, की पडद्यावर ७१. चुकलेल्या ठोक्याचा मागमूस नाही.

हे उघडं पडलं ते चाचणीत. बॉस्टनमध्ये तयार झालेला, १९८० पासून जगभर वापरला जाणारा ईसीजींचा एक संग्रह आहे, एमआयटी-बीआयएच नावाचा. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, आणि त्यांतल्या प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली. त्यातल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या नोंदींवर माझा प्रोग्रॅम आपटला. या विकारात वरचे कप्पे नुसते थरथरतात, नाक्यावर चहूबाजूंनी इशारे आदळतात आणि जे पुढे सुटतात त्यांना ताल नसतो. वेन्केबाखचा ठोका निदान हिशेबाने चुकतो, इथे हिशेबच नाही. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. माझा प्रोग्रॅम मात्र लहान-मोठी अंतरं वेचून फेकत होता आणि अशा रुग्णाची नाडी नियमित दाखवत होता. आमच्या गटातल्या डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "तू जे फेकलंस ना, तेवढंच मला हवं होतं." ते यंत्र अजून कुठल्या खाटेशी लागलं नव्हतं, म्हणून आज तुमच्यासमोर हसत सांगू शकते. त्या रात्री झोप लागली नव्हती.

नियम बदलला. आता खोडायचं की नाही ते अंतर किती यावरून ठरत नाही, त्या ठिकाणची लाटच बिघडलेली आहे का यावरून ठरतं.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. घरी गेले, की आईचं मनगट हातात घेते आणि पूर्ण एक मिनिट नाडी बघते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणत नाही, कारण तेवढ्यात सुटलेला ठोका सापडेलच असं नाही. आकड्यापेक्षा ताल बघते. चहाच्या वेळी तुम्हीही शेजाऱ्याची बघा. ताल वेडावाकडा लागला तर घाबरवू नका, पण ईसीजी काढायला जरूर सांगा. आणि मोजायचं ते चहा यायच्या आधी.