स्वर्गारोहणाचा आनंद

(ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणानिमित्त रुग्णालयात झालेल्या प्रार्थनासभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येणारा हा सण नाताळासारखा गाजत नाही. बाभुळगावच्या कडक उन्हाळ्यात तो येतो आणि बहुधा गाजावाजा न होता जातो. शिवाय हा निरोपाचा सण आहे. ज्यांचे माणूस आमच्याकडे उपचारासाठी आले, परंतु घरी परतले नाही, अशीही कुटुंबे आज येथे उपस्थित आहेत. त्यांच्यासमोर 'आनंद' हा शब्द जपून उच्चारावा लागतो, याची आम्हांस जाणीव आहे.

परंतु हा शब्द आमचा नव्हे, लूकचा आहे. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूकचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून येतो. या वैद्याने आपले शुभवर्तमान स्वर्गारोहणाच्या प्रसंगाने संपविले आणि 'प्रेषितांची कृत्ये' हा दुसरा ग्रंथही त्याच प्रसंगाने आरंभिला. तो सांगतो की, बेथानीजवळ प्रभूने हात वर करून शिष्यांना आशीर्वाद दिला आणि आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. शिष्य मात्र मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परतले. प्रिय गुरू दृष्टीआड झाल्यावर आनंद कसला? आम्हांस त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले असे की, तो आपल्या जखमा येथे टाकून गेला नाही. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना हातपाय दाखविले, ते खिळ्यांच्या खुणांसह. त्याच देहाने तो पित्याकडे गेला, अशी मंडळीची श्रद्धा आहे. आपल्या दुर्बलतेविषयी ज्याला कळवळा वाटतो असा याजक आपल्यासाठी तेथे मध्यस्थी करीत आहे, असा दिलासा इब्री लोकांस पत्रात दिला आहे. रात्री खाटेशी बसून आईचा श्वास मोजणाऱ्या मुलाला याहून मोठा आधार कोणता? ज्याच्याकडे तो प्रार्थना करतो, त्याने वेदना स्वतः भोगली आहे.

दुसरे कारण कामाचे आहे. शिष्य वर पाहत उभे असता शुभ्र वस्त्रे ल्यालेल्या दोघांनी त्यांस विचारले की, आकाशाकडे पाहत का उभे आहात? आपल्या भागातील कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हा प्रश्न परका नाही. मृग जवळ येताच तोही आभाळाकडे डोळे लावतो. परंतु त्याआधी त्याने शेत वखरून ठेवलेले असते. आशा ही अशी असावी. शिष्यही पुन्हा यरुशलेमेस गेले, माडीवर एकत्र जमले, प्रार्थनेत तत्पर राहिले आणि पुढे याच मूठभर लोकांनी प्रभूचे काम दूरवर नेले. तो गेला म्हणून काम थांबले नाही; ते त्यांच्या हाती आले.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते अपुरे राहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा जेमतेम अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. पतीच्या धर्मांतराने ज्यांच्या आयुष्यात अनेक वर्षांचा विरह आला, त्याच लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ताची कथा तडीस नेली. त्यांचे दुःख त्यामुळे नाहीसे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या दुःखाला एक काम मिळाले.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. पान भरले की खाते बंद होत नाही, बाकी पुढील पानावर नेली जाते, हे आम्ही तेथे शिकलो. त्याचा अर्थ मात्र या रुग्णालयात कळला. एक गृहस्थ आईच्या तेरवीनंतर आमच्याकडे आले. आईसाठी घेतलेला वॉकर त्यांनी कार्यालयात ठेवला आणि "दुसऱ्या कोणाच्या कामी येऊ द्या, माझं नाव लिहू नका," एवढेच म्हणाले. आम्ही त्यांना बसावयास सांगितले; ते बसले नाहीत. वॉर्डाच्या दाराशी क्षणभर थांबले आणि गेले.

गेलेल्या माणसाची जागा भरून निघते, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. त्या मुलाच्या घरी ती खाट रिकामीच आहे. तथापि निरोप हाच शेवट नाही, ही आमची श्रद्धा आहे आणि तोच आमचा आनंद आहे. आपण दिलेली देणगी, परिचारिकांची रात्रपाळी, आप्तांनी केलेली सेवा ही सर्व पुढील पानावर नेलेली बाकी आहे.

तो वॉकर आम्ही नियमाप्रमाणे डेडस्टॉक रजिस्टरात नोंदविला. आज सकाळी त्याच्या आधाराने एक आजी वॉर्डाच्या दारापर्यंत चालत आल्या.

प्रभू आपणां सर्वांना धीर देवो.