चिखलणीत पॉवर टिलर का अडतो?
(हिंजवडी येथे मुळशी तालुक्यातील भात उत्पादकांपुढे केलेले भाषण)



हिंजवडीच्या बऱ्याच खाचरांवर आज इमारती उभ्या आहेत. पण मुळशीच्या पश्चिम भागात भात आहे आणि चिखलणीला पॉवर टिलरही. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी थांबवता येत नाही. नेमके तेव्हाच इंजिन जोरात चालते, पण चाके फिरत नाहीत.

अशा वेळी लगेच गिअर बॉक्स खोलू नका. मी एकदा घाईने खोलायला लावला. दोन दिवस गेले आणि दोष निघाला सैल बेल्टचा! इंजिनाची शक्ती ज्या वाटेने चाकाकडे जाते, त्याच वाटेने दोष शोधा.

१. बेल्ट : इंजिन बंद करून व्ही-बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. सैल असल्यास ताण द्या. चिरा पडल्या असतील तर सर्व बेल्ट एकदम बदला.

२. क्लच : पुली फिरते, पण गिअर टाकूनही टिलर हलत नाही? क्लचच्या दांडीला थोडी मोकळीक हवी. ती असूनही क्लच घसरत असेल तर प्लेटा झिजल्या असे समजा.

३. गिअर बॉक्स : टिलर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचा नट सैल करा. आधी पाणी आले किंवा तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर ऑईल सीलमधून पाणी शिरले आहे. सील व तेल दोन्ही बदला. होडीच्या मोटरलाही हीच परीक्षा लागू पडते. तेलात धातूचा चुरा चमकला, तर मात्र मिस्त्रीला बोलवा.

ही तपासणी वैशाखातच उरका. पाऊस लागल्यावर मिस्त्री वेळेवर मिळत नाही आणि रोप कोणासाठी थांबत नाही.